तिघे बरोबरीत, मग डिव्हिजन कोणाची? (अमेरिकन कॉलेज फुटबॉल, २००८ आणि बरोबरी फोडायचा नियम म्हणजे टायब्रेकर)

ऑस्टिनकर
नमस्कार मंडळी. मी ऑस्टिनला टेक्सस युनिव्हर्सिटीत शिकलो. आमच्या जुन्या ग्रुपवर २००८ चा वाद परत उकरून निघालाय आणि तिथे सगळेच एका बाजूचे, म्हणून इथे धागा काढतोय. इथे अमेरिकेतले बरेच जण आहेत आणि शनिवारी टीव्हीसमोरून न हलणारेही कमी नाहीत.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. त्या वेळी बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्समध्ये (कॉलेज संघांच्या एका मोठ्या गटात) १२ संघ होते, ६ उत्तर डिव्हिजनमध्ये आणि ६ दक्षिणेत. दोन्ही डिव्हिजनचे विजेते डिसेंबरात कॉन्फरन्सची फायनल खेळायचे. २००८ ला दक्षिणेत तीन संघ ७-१ वर (सात जय, एक पराजय) अडकले: टेक्सस, ओक्लाहोमा आणि टेक्सस टेक. तिघांचाही पूर्ण सीझनचा हिशेब ११-१. आपापसातले निकाल असे:

११ ऑक्टोबर, डॅलस: टेक्सस ४५, ओक्लाहोमा ३५
१ नोव्हेंबर, लबक: टेक्सस टेक ३९, टेक्सस ३३
२२ नोव्हेंबर, नॉर्मन: ओक्लाहोमा ६५, टेक्सस टेक २१

फायनलला पाठवलं ओक्लाहोमाला. का, तर बीसीएस रँकिंगमध्ये (देशभरातल्या संघांची तेव्हाची क्रमवारी) ते आमच्या ०.०१२८ ने पुढे होते! ज्यांना आम्ही तटस्थ मैदानावर १० गुणांनी हरवलं ते फायनलला, आणि आम्ही घरी बसून ती मॅच बघायची. माझं मत स्पष्ट आहे. मैदानावर लागलेल्या निकालाच्या वर कुठलंही रँकिंग असता कामा नये. तुम्हाला काय वाटतं? टायब्रेकर कसा असावा?

गवती_चहा
मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण नवरा दर शनिवारी याच खेळापायी घर डोक्यावर घेतो, म्हणून वाचतेय. बाळबोध प्रश्न: तिघे बरोबरीत आहेत तर आणखी एकेक मॅच खेळवून मोकळं का होत नाहीत?

गणिती
@गवती_चहा, प्रश्न बाळबोध नाही. या खेळात आठवड्याला एकच मॅच होते, शरीराला तेवढी उसंत लागतेच. शेवटची साखळी मॅच शनिवारी आणि पुढच्या शनिवारी फायनल, स्टेडियम महिनोन्‌महिने आधी ठरलेलं. मध्ये तिघांची मिनी लीग बसवायला जागाच नाही. म्हणून कागदावरचे नियम.

आता ऑस्टिनकरांच्या मुद्द्याकडे. दोघे बरोबरीत असते तर आपापसातली मॅच बघायची आणि विषय संपला. तिघांसाठी नियम पायऱ्यापायऱ्यांचा होता. आधी तिघांचे आपापसातले निकाल: प्रत्येकी एक जय, एक पराजय. मग डिव्हिजनमधला हिशेब: तिघांचाही ४-१. मग डिव्हिजनमध्ये त्यांच्याखाली असलेल्या संघांविरुद्धची कामगिरी: तिघांनीही सगळ्यांना हरवलेलं. मग समान प्रतिस्पर्धी: तिथेही तेच. तिघे हरले ते फक्त एकमेकांकडून, त्यामुळे पहिल्या चारही पायऱ्या कोरड्या गेल्या. पाचवी पायरी होती बीसीएस रँकिंग. त्याच्याही पुढे जाऊन शेवटी चिठ्ठ्या टाकायची सोय होती.

बीसीएसचे तीन सारखे भाग होते: हॅरिस पोल (जाणकारांची मतं), प्रशिक्षकांचा पोल आणि सहा कॉम्प्युटर रँकिंगची सरासरी (त्यातलं सगळ्यात वरचं आणि खालचं वगळून). हॅरिसमध्ये टेक्सस किंचित पुढे. प्रशिक्षकांच्या पोलमध्ये ओक्लाहोमा एका गुणाने पुढे, म्हणजे दोन्ही पोल जवळपास बरोबरीत. फरक पाडला कॉम्प्युटरने.

बुमर_भाऊ
आणि कॉम्प्युटरने फरक का पाडला तेही सांगा की! मी नॉर्मनला, ओक्लाहोमा युनिव्हर्सिटीत होतो, गप्प बसणं शक्यच नाही.

कॉन्फरन्सबाहेरच्या मॅचेस बघा. ओक्लाहोमाने टीसीयूला ३५-१० आणि सिनसिनाटीला ५२-२६ हरवलं. टीसीयूने तो सीझन ११-२ वर संपवला आणि सिनसिनाटी बिग ईस्टचे विजेते झाले. टेक्ससने त्याच काळात फ्लोरिडा अटलांटिक, यूटेप, राइस आणि आर्कन्सॉ यांना हरवलं. कॉम्प्युटरला किती फरकाने जिंकलात हे मोजायची परवानगीच नव्हती. त्याने फक्त कोणाला हरवलंत ते पाहिलं. अवघड पेपर लिहिणाऱ्याला जास्त मार्क, यात अन्याय कुठला?

आणि फॉर्मचंही बघा. नेब्रास्काला ६२, टेक्सस ए अँड एमला ६६, टेकला ६५, ओक्लाहोमा स्टेटला ६१, मग फायनलमध्ये मिझुरीला ६२. सलग पाच मॅचेसमध्ये साठच्या वर! आमच्या सॅम ब्रॅडफर्डला हाइझमन ट्रॉफी (वर्षातला सर्वोत्तम खेळाडू) उगीच नाही मिळाली.

ऑस्टिनकर
बुमरभाऊ, फॉर्म ऑक्टोबरातच तपासला होता, ४५-३५ :) नोव्हेंबरअखेर स्टिलवॉटरला तुमच्या ओक्लाहोमा स्टेटविरुद्धच्या मॅचवर विमान उडत होतं, मागे हेच आकडे लिहिलेला बॅनर. आठवतंय ना?

बुमर_भाऊ
आठवतंय. खाली आम्ही ६१ मारले.

लालकाळी
आलात ना दोघे मूळ पदावर! गेली इतकी वर्षं हेच चाललंय. टेक्सस की ओक्लाहोमा, ओक्लाहोमा की टेक्सस. अहो, बरोबरीत तिसरा संघही होता. मी टेक्सस टेकची.

ऑस्टिनकर, मैदानावरचा निकाल सगळ्यात वर म्हणता ना? मग १ नोव्हेंबरचा निकाल कुठल्या खुंटीला टांगून ठेवायचा? त्या रात्री मी स्टेडियममध्ये होते. टेक्ससने दीड मिनिट बाकी असताना ३३-३२ अशी आघाडी घेतली आणि आमच्या आजूबाजूचे लोक मटकन खाली बसले. मग ग्रॅहम हॅरेलने एकेक पास देत संघ पुढे आणला. शेवटून दुसऱ्या पासवर चेंडू उडाला आणि थेट टेक्ससच्या सेफ्टीच्या, म्हणजे मागच्या बचावपटूच्या हातात. त्याने तो पकडला असता तर मॅच तिथेच संपली असती. सुटला. पुढचा पास मायकेल क्रॅबट्रीला, अगदी सीमारेषेला चिकटून. त्याच्या अंगावर दोघे होते, एकाच्या तावडीतून तो निसटला आणि रेषेच्या आत पाय ठेवून एंड झोनमध्ये (गुण मिळतात त्या पट्ट्यात) शिरला. घड्याळात एक सेकंद. लोक मॅच संपायच्या आतच मैदानात उतरले, त्यांना परत पाठवायला लागलं आणि आमच्यावर पेनल्टी बसली ती वेगळीच.

तुम्ही आम्हाला मोजत नाही कारण आम्ही नॉर्मनला ४४ गुणांनी मार खाल्ला. म्हणजे फरक किती ते तुम्हीही बघता, फक्त सोयीचं असेल तेव्हा.

पश्चिमघाट
लालकाळी ताई, अंगावर काटा आला वाचून. मी मॅच कधी बघितलेली नाही, आज क्लिप शोधतो.

पेठकर
हा सगळा प्रकार आपल्या लोकांना समजायला काहीच अवघड नाही. आयपीएलमध्ये दरवर्षी मे महिन्यात पोरं नेट रन रेटची गणितं मांडून बसतात, 'अमक्याने तमक्याला इतक्या ओव्हरमध्ये हरवलं तर'. २०१९ च्या वर्ल्ड कपची फायनल टाय, सुपर ओव्हरही टाय, आणि चौकार-षटकार मोजून कप इंग्लंडला. आयसीसीने नंतर तो नियमच बदलला. माझा प्रश्न: फुटबॉलमध्ये नेट रन रेटसारखं काही का नाही? तिघांच्या आपापसातल्या गुणांचा फरक धरायचा.

गणिती
पेठकर, चला मांडू. टेक्सस: +१० आणि −६, म्हणजे +४. ओक्लाहोमा: −१० आणि +४४, म्हणजे +३४. टेक: +६ आणि −४४, म्हणजे −३८. तुमच्या नियमाने ओक्लाहोमा, तेही आरामात.

पण हा खेळ तसा नाही. कमकुवत संघाविरुद्ध गुण धो धो चढतात. फरक मोजायला लागलं की प्रशिक्षक ४० ने पुढे असतानाही पहिल्या फळीला मैदानात ठेवणार. विशीतली, शिकत असलेली पोरं आहेत ही, गुडघे आणि डोकी दोन्ही पणाला लागतात. मॅच हातात आल्यावर राखीव खेळाडूंना उतरवणं हा इथला शिष्टाचार आहे आणि नियमाने त्याला नख लावू नये. म्हणूनच कॉम्प्युटरमधूनही फरक काढून टाकला होता.

बुमर_भाऊ
+३४ ची नोंद घेण्यात यावी.

गवती_चहा
हे सगळं नवऱ्याला वाचून दाखवलं. तो ओहायोचा. म्हणाला, "त्यांना २०१६ विचार." विचारते, २०१६ ला काय झालं?

कोलंबसवासी
गवती_चहा, तुमचे यजमान खमंग विषय काढतात!

२०१६ ला बिग टेन कॉन्फरन्सच्या ईस्ट डिव्हिजनमध्ये ओहायो स्टेट आणि पेन स्टेट दोघे ८-१. दोघांचीच बरोबरी, म्हणजे थेट आपापसातली मॅच. ती २२ ऑक्टोबरला पेन स्टेटने २४-२१ जिंकलेली. आम्ही पुढे होतो, चौथ्या क्वार्टरमध्ये आमची फील्ड गोल किक त्यांनी अडवली, चेंडू उचलून थेट टचडाउन. डिव्हिजन त्यांना मिळाली आणि फायनलमध्ये त्यांनी विस्कॉन्सिनला ३८-३१ हरवलं. तरी देशाचा विजेता ठरवणाऱ्या चार संघांच्या प्लेऑफमध्ये निवड कमिटीने घेतलं कोणाला? ओहायो स्टेटला. कारण आमचा एकूण हिशेब ११-१ आणि त्यांचा ११-२. मग आम्ही क्लेमसनकडून ३१-० हरलो, त्यावर बोलायला नको.

आणखी एक गंमत. डिव्हिजन मिळवायला पेन स्टेटला ओहायो स्टेटच्या विजयाचीच गरज होती. शेवटच्या शनिवारी मिशिगनने आम्हाला हरवलं असतं तर डिव्हिजन मिशिगनची, कारण मिशिगनने पेन स्टेटला ४९-१० धुतलं होतं. आम्ही डबल ओव्हरटाइममध्ये ३०-२७ जिंकलो तेव्हा पेन स्टेटचे लोक आमच्यासाठी टाळ्या पिटत होते. टायब्रेकर माणसाला कोणाच्या पंगतीला नेऊन बसवेल सांगता येत नाही.

ऑस्टिनकर
कोलंबसवासी, म्हणजे टायब्रेकर मैदानावरून लावला तरी वर बसलेली कमिटी तो खिशात घालते. माझाच मुद्दा.

कोलंबसवासी
माणसांनी मत देऊन ठरवायची परंपरा आमच्याकडे जुनीच आहे हो. १९७३ ला ओहायो स्टेट आणि मिशिगन दोघे अपराजित, ॲन आर्बरची मॅच १०-१० अशी बरोबरीत सुटली. तेव्हा ओव्हरटाइम नव्हता, डिव्हिजनही नव्हत्या. 'रोझ बोल'ला (सीझननंतरच्या मानाच्या मॅचला, अशा मॅचेसना 'बोल' म्हणतात) कोण जाणार ते बिग टेनच्या दहा ॲथलेटिक डायरेक्टरांनी मतं टाकून ठरवलं. मिशिगनच्या क्वार्टरबॅकचं, म्हणजे पास देणाऱ्या मुख्य खेळाडूचं, त्याच मॅचमध्ये कॉलरबोन मोडलं होतं. मतं पडली ६-४, ओहायो स्टेटच्या बाजूने. त्या काळी बिग टेनच्या एकाच संघाला 'बोल'ला जायची परवानगी, त्यामुळे मिशिगन १०-०-१ असूनही थेट घरी. त्यांचे प्रशिक्षक बो शेंबेक्लर ते कधीच विसरले नाहीत. मी ओहायोचा असूनही सांगतो, ते मिशिगनच्या पोरांवर वाईटच झालं.

जाई_अटलांटा
मतं नकोत, कमिटी नको, सगळं मान्य. पण नियम नुसते कागदावर चोख असले तरी काय होतं त्याचा नमुना आमच्याकडचा घ्या. मी जॉर्जिया टेकची. २०१२ ला एसीसी कॉन्फरन्सच्या कोस्टल डिव्हिजनमध्ये मायामी, नॉर्थ कॅरोलायना आणि आम्ही तिघे ५-३. नॉर्थ कॅरोलायनावर फायनल खेळायला बंदी होती आणि मायामीने चौकशी चालू असल्यामुळे स्वतःहून माघार घेतली होती. उरलो आम्ही, एकूण ६-६. सहा जिंकलेल्या, सहा हरलेल्या, आणि कॉन्फरन्सच्या फायनलला! फ्लोरिडा स्टेटकडून २१-१५ हरलो, म्हणजे तशी बरी झुंज दिली. पुढे ६-७ असूनही सवलत मिळवून 'सन बोल'ला गेलो आणि चक्क यूएससीला हरवलं.

त्याच कोस्टलमध्ये २०१३ ते २०१९ सात वर्षांत सात वेगळे विजेते झाले. ड्यूक, जॉर्जिया टेक, नॉर्थ कॅरोलायना, व्हर्जिनिया टेक, मायामी, पिट्सबर्ग, व्हर्जिनिया. डिव्हिजनमध्ये संघच सात! प्रत्येकाच्या घरी एकदा गणपती बसला. नोव्हेंबरात आम्ही वह्या घेऊन बसायचो, कोण हरलं की कोण वर. मला ते दिवस फार आवडायचे.

नचिकेत_सॅनहोजे
पण आता डिव्हिजन राहिल्यात कुठे? २०२२ ला एनसीएएने (कॉलेज खेळांची नियामक संस्था) डिव्हिजन ठेवायचा नियम सैल केला आणि पॅक-ट्वेल्व्ह कॉन्फरन्सने लगेच डिव्हिजन काढल्या. २०२३ ला एसीसीने, २०२४ ला एसईसी आणि बिग टेनने. आता सरळ वरचे दोन संघ फायनलला. बरंच झालं. बिग टेनमध्ये २०१४ ते २०२३ दहाच्या दहा फायनल ईस्टने जिंकल्या, वेस्टवाले नुसते हजेरी लावायला यायचे.

गणिती
नचिकेत, इथे मी पूर्ण विरोधात आहे, आणि मला वाटतं या धाग्यातला कळीचा मुद्दा हाच आहे.

डिव्हिजनमध्ये सहा-सात संघ असायचे आणि त्यातला प्रत्येक जण प्रत्येकाशी खेळायचा. म्हणून दोघांत बरोबरी झाली तर बघायला त्यांची मॅच हमखास असायची. आता एकेका कॉन्फरन्समध्ये १६-१८ संघ आणि प्रत्येकाच्या वाट्याला आठ-नऊ मॅचेस. बरोबरीत आलेले संघ बऱ्याचदा एकमेकांशी खेळलेलेच नसतात. मग टायब्रेकर लावणार कशावर? तुम्ही ज्यांच्याशी खेळलात ते इतरांविरुद्ध किती जिंकले यावर. म्हणजे तुमची फायनल तुमच्या हातातच नाही. डिव्हिजन एकतर्फी होत्या हे खरं, पण तो वाटणीचा दोष. संघ नीट वाटता आले असते.

डरहॅमकर
गणितींच्या म्हणण्याला ताजा पुरावा आमचाच, ड्यूकचा. २०२५, एसीसीमध्ये १७ संघ. व्हर्जिनिया ७-१ वर पहिले. दुसऱ्या जागेसाठी ६-२ वर पाच संघ: मायामी, जॉर्जिया टेक, पिट्सबर्ग, एसएमयू आणि ड्यूक. पाचांपैकी प्रत्येक जण प्रत्येकाशी खेळलेला नव्हता. शेवटच्या शनिवारी कॅलने (कॅलिफोर्निया) एसएमयूला ३८-३५ हरवलं आणि सगळी गणितं फिरली. निकष लावत लावत गाडी आली ती कॉन्फरन्समधल्या प्रतिस्पर्ध्यांच्या एकत्रित विजयांच्या टक्केवारीवर, आणि जागा मिळाली ड्यूकला. एकूण ७-५ वाल्या ड्यूकला! १०-२ ची मायामी बाहेर.

शार्लटला ओव्हरटाइममध्ये व्हर्जिनियाला २७-२० हरवून आम्ही एसीसी जिंकली. मी नाचलो, लपवत नाही. प्लेऑफमध्ये मात्र आम्हाला घेतलं नाही. मायामीला कमिटीने घेतलं, तेही नोत्र देमला मागे टाकून, कारण मायामीने त्यांना सीझनच्या सुरुवातीला २७-२४ हरवलं होतं. कॉन्फरन्सने मायामीला प्रतिस्पर्ध्यांच्या टक्केवारीवर बाहेर काढलं आणि कमिटीने आपापसातल्या मॅचवर आत घेतलं.

जाई_अटलांटा
त्या पाचांत आम्हीही होतो, जखम ताजी आहे. पण ड्यूक जिंकले ते मैदानावर जिंकले, त्याबद्दल अभिनंदनच.

रानमेवा
अवांतर: डॅलसच्या टेक्सस-ओक्लाहोमा मॅचला शाकाहारी माणसाने खायचं काय? पुढच्या वर्षी जायचा बेत आहे.

ऑस्टिनकर
रानमेवा, मॅच स्टेट फेअरच्या मैदानातच असते, भोवती जत्राच भरलेली. कॉर्नडॉगचा वास पार्किंगपासूनच येतो, तो तुमच्या कामाचा नाही, पण भाजलेलं कणीस आणि तळलेले गोड पदार्थ भरपूर. आमचा ग्रुप सकाळी टेलगेटला (मॅचआधीच्या पार्किंगमधल्या पार्टीला) वडे तळतो, लाल टीशर्टवालेही येऊन घेऊन जातात. आत गेलात की ५० यार्डाच्या रेषेवर स्टेडियम उभं चिरल्यासारखं दिसतं, अर्धं भगवट नारिंगी, अर्धं किरमिजी. एक बाजू ओरडते तेव्हा दुसरी ठार गप्प. एकदा तरी बघाच.

आता मूळ मुद्दा. गणितींचं डिव्हिजनबद्दलचं म्हणणं पटलं. पण २००८ चा प्रश्न तसाच आहे. त्याच वर्षी एसईसीचा नियम वेगळा होता. तिघांची बरोबरी बीसीएसपर्यंत गेली आणि वरचे दोन संघ एकमेकांपासून पाच क्रमांकांच्या आत असले तर त्या दोघांतली मॅच बघायची. बीसीएसमध्ये ओक्लाहोमा दुसरे, टेक्सस तिसरे, टेक सातवे. एसईसीचा नियम लावला तर टेक्सस फायनलला. म्हणजे चांगला नियम शेजारच्या कॉन्फरन्समध्ये लिहून ठेवलेला होता!

लालकाळी
ऑस्टिनकर, त्या नियमात पहिल्या पायरीला आम्हाला बाहेर कोणी काढलं? रँकिंगनेच ना? ज्या रँकिंगला तुम्ही मैदानाच्या वर बसू देणार नव्हतात, त्यानेच आधी आम्हाला उचलून बाजूला ठेवलं, आणि मग उरलेल्या दोघांसाठी मैदान आठवलं.

माझं म्हणणं एवढंच की या तिघांमध्ये मैदानाने निकाल दिलेलाच नव्हता. टेक्ससला जायला हवं होतं म्हणायचं तर टेकची मॅच पुसावी लागते, ओक्लाहोमा म्हणायचं तर डॅलसची, आम्ही म्हणायचं तर नॉर्मनची. आमचे प्रशिक्षक माइक लीच तेव्हा म्हणाले होते की ज्या संघाची जास्त मुलं पदवी घेऊन बाहेर पडतात त्याला पाठवा. सगळे हसले. मला आजही तो निकष प्रशिक्षकांच्या पोलपेक्षा बरा वाटतो. निदान ते कॉलेजचं काम आहे, आणि आकडा सगळ्यांना आधीपासून माहीत असतो.

आमच्याही चुका होत्याच. त्या वर्षी आम्ही कॉन्फरन्सबाहेर दोन मॅचेस खालच्या विभागातल्या संघांशी ठेवल्या होत्या. कॉम्प्युटरने त्याचे मार्क कापले ते योग्यच कापले.

बुमर_भाऊ
लालकाळी ताई, पहिल्यांदा कोणीतरी तिघांच्या बाजूने बोललं. पदवीच्या निकषावर आम्ही मात्र गेलो नसतो :) आणि फायनल जिंकून आम्ही पुढे नॅशनल टायटलला फ्लोरिडाकडून २४-१४ हरलो, हेही इथे लिहून ठेवतो, नाहीतर ऑस्टिनकर लिहितील.

ऑस्टिनकर
लिहिणारच होतो. आणि आम्ही 'फिएस्टा बोल'ला ओहायो स्टेटला २४-२१ हरवलं, कोलंबसवासींनी नोंद घ्यावी.

लालकाळी, एसईसीच्या नियमात तुम्हाला रँकिंगने काढलं हे बरोबर आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. तरी मला तो नियम बिग ट्वेल्व्हच्या नियमापेक्षा बरा वाटतो, कारण त्यात निदान शेवटचा शब्द मॅचचा असतो. आमचे प्रशिक्षक मॅक ब्राउन यांना टीव्हीवर जाऊन मतं मागायची वेळ आली नसती.

गणिती
माझी सूचना: रँकिंग हवंच असेल तर फक्त प्रतिस्पर्धी किती तगडे होते एवढंच मोजणारं, सूत्र सीझनच्या आधी जाहीर केलेलं, आणि त्यात एकाही माणसाचं मत नाही. २००८ ला यावर बहुधा ओक्लाहोमाच गेले असते, पण ऑगस्टमध्येच तिघांना माहीत असतं की टीसीयूला बोलवायचं की खालच्या विभागातल्या संघाला.

लालकाळी
हे मला मान्य. आम्ही वेळापत्रक बदललं असतं.

गवती_चहा
नवरा म्हणतोय सन बेल्ट कॉन्फरन्समध्ये अजून ईस्ट-वेस्ट डिव्हिजन आहेत, आणि २०२५ ला तिथला ईस्टचा विजेता जेम्स मॅडिसन थेट प्लेऑफला गेला. म्हणजे गणितींच्या आवडीचं अजून कुठेतरी चालू आहे. येत्या शनिवारी मीही बसणार आहे बघायला, वही घेऊन.